तापता समुद्र आणि मुशीची पिल्लं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुशीचा, म्हणजे शार्कचा, विषय निघाला की लोक मोठ्या माशाबद्दल विचारतात. पण जात टिकणार की नाही, हे ठरतं हातभर लांबीच्या पिल्लावर. ही पिल्लं कुठे जन्मतात, तिथलं पाणी कसं बदलतंय आणि त्यात आपला किनारा कुठे येतो, याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

शार्कची पिल्लं नेमकी जन्मतात कुठे?

सगळ्या शार्कची रीत एक नाही. शार्क, पाकट आणि त्यांच्या भाऊबंदांपैकी सुमारे ४० टक्के जाती अंडी घालतात. चामड्यासारख्या चिवट पिशवीत एक गर्भ असतो आणि ती पिशवी प्रवाळात, खडकात किंवा समुद्री शेवाळात अडकवलेली असते. बाकीच्या जाती पिल्लांना जन्म देतात. हॅमरहेड, म्हणजे आपल्या कोळ्यांची कानमुशी, यातलीच. मादी नऊ-दहा महिने किंवा त्याहून जास्त काळ पिल्लं पोटात वाढवते, मग उथळ खाडीत किंवा नदीच्या मुखाशी येऊन त्यांना जन्म देते आणि निघून जाते. पिल्लांना आईचा सांभाळ मिळत नाही. तिने निवडलेली जागा हाच त्यांचा सगळा आधार.

जागा उथळ का, तर मोठ्या शार्क तिथे फारशा शिरत नाहीत, गढूळ पाण्यात लपायला मिळतं, आणि कोळंबी, खेकडे, बारीक मासे हाताशी असतात. पिल्लं तिथे काही महिने, कधीकधी काही वर्षंही राहतात.

पिल्लू दिसलं की ती जागा ‘नर्सरी’ झाली का?

नाही. २००७ साली शास्त्रज्ञांनी यासाठी तीन कसोट्या मांडल्या. पिल्लं इतर ठिकाणांपेक्षा तिथे जास्त आढळली पाहिजेत, ती तिथे दीर्घकाळ राहिली किंवा परत आली पाहिजेत, आणि हे वर्षानुवर्षं घडलं पाहिजे. हवाई बेटांवरची कानेओहे खाडी आणि फिजीतल्या रेवा नदीचं मुख ही कानमुशीच्या अशा नर्सरींची चांगली अभ्यासलेली उदाहरणं आहेत. कॅनरी बेटांपैकी तेनेरिफेवरचा लास तेरेसितास हा गजबजलेला किनारा एंजलशार्क या अतिसंकटग्रस्त जातीची नर्सरी आहे. लोक पोहतात त्याच पाण्यात, वाळूत अंग पुरून पिल्लं पडलेली असतात.

समुद्र अंशभर तापला तर माशाला काय फरक पडतो?

पिल्लाला पडतो, आणि तो भुकेच्या रूपाने. बहुतेक शार्कच्या शरीराचं तापमान भोवतालच्या पाण्याइतकंच असतं. पाणी तापलं की शरीरातल्या सगळ्या क्रिया वेग घेतात, म्हणजे नुसतं जगत राहायलाही जास्त अन्न आणि जास्त प्राणवायू लागतो. नेमकं त्याच वेळी पाण्यात विरघळलेला प्राणवायू घटतो, कारण गरम पाण्यात तो कमी मावतो.

कानेओहे खाडीत हे उघड दिसलं आहे. तिथे कानमुशीची पिल्लं मुख्यतः उन्हाळ्यात, पाणी सर्वांत उबदार असताना जन्मतात. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनुसार त्यांची ऊर्जेची गरज इतकी जास्त असते की पुष्कळ पिल्लं ती भागवू शकत नाहीत, त्यांचं वजन घटतं आणि काही उपासमारीनेच मरतात. जन्मताना मिळालेली यकृतातली चरबी संपायच्या आत शिकार जमली तर पिल्लू वाचतं. ही ओढाताण हवामानबदलाची चर्चा तापण्याआधीची आहे. आता त्याच खाडीत पाणी आणखी अर्धा-एक अंश चढलं तर काय होईल, ते सांगायला नवीन अभ्यासाची गरज नाही.

उथळ खाडी खोल समुद्रापेक्षा लवकर तापते, हेही ध्यानात घ्या. मोठा मासा खोल, गार पाण्यात उतरू शकतो. पिल्लू उतरलं तर कुणाच्या तरी तोंडी लागतं.

अंडी घालणाऱ्या जातींचं काय? अंडं तर हलूही शकत नाही.

म्हणूनच त्यांची जास्त काळजी वाटते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर आढळणाऱ्या इपॉलेट शार्कची अंडी वेगवेगळ्या तापमानांत उबवून २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २७ अंशांना पिल्लं साधारण १२५ दिवसांनी बाहेर आली, ३१ अंशांना १०० दिवसांतच. लवकर आली हे चांगलंच झालं, असं वाटेल. पण त्यांनी बलक भराभर संपवला होता, ती लहान होती आणि त्यांच्या अंगात त्राण कमी होतं. ही जात आज संकटात नाही. उष्ण, उथळ पाण्यात राहायची तिला पिढ्यान्‌पिढ्यांची सवय आहे. तिची ही गत, तर नाजूक जातींचं काय, हा विचार मनातून जात नाही.

युरोपातल्या ठिपकेदार कॅटशार्कवरचा २०२४ सालचा अभ्यास आणखी बोलका आहे. आजच्या परिस्थितीत आणि मध्यम तापमानवाढीत सुमारे ८० टक्के अंड्यांतून पिल्लं बाहेर आली. उत्सर्जन बेलगाम राहिलं तर शतकाअखेर जसं पाणी होईल, तसं अधिक तापलेलं आणि अधिक आम्ल पाणी दिल्यावर हे प्रमाण ११ टक्क्यांवर आलं. मला यातला मध्यम तापमानवाढीचा आकडा फार महत्त्वाचा वाटतो. मध्यम वाढीत अंडी तगली, म्हणजे उत्सर्जन कमी केलं तर ही जात वाचू शकते. ‘आता काय, सगळं संपलंच’ असं म्हणणाऱ्यांना हा आकडा जरूर दाखवावा.

कासवांसारखं शार्कमध्येही उष्णतेने नुसत्या माद्याच जन्मतात का?

वेळासचा कासव महोत्सव पाहून आलेले लोक हे हमखास विचारतात. कासवाचं लिंग वाळूच्या उष्णतेवर ठरतं. शार्कचं तसं नाही. त्यांच्यात आपल्यासारखंच ते गुणसूत्रांवर ठरतं. तेवढी एक काळजी कमी.

गाभण माद्यांवर काय परिणाम होतो?

माद्या मुद्दाम उबदार पाणी शोधतात, कारण त्यात गर्भ नीट वाढतो. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्रे नर्स शार्कच्या गाभण माद्या क्वीन्सलँडमधल्या वुल्फ रॉकपाशी गोळा होतात आणि पुढे दक्षिणेला, गार पाण्यात जाऊन पिल्लं देतात. म्हणजे प्रवास, तापमान आणि गर्भाची वाढ हे तिन्ही एकमेकांत गुंतलेलं आहे. पाणी वेळेआधी तापलं, किंवा ठरलेल्या जागी गरजेपेक्षा जास्त तापलं, की हे गणित बिघडतं.

आणि बिघडलेलं भरून काढायला या जातीकडे काही शिल्लक नसतं. ग्रे नर्सच्या पोटात दोन गर्भाशयं असतात. प्रत्येकात सर्वांत मोठं पिल्लू आपल्या भावंडांना खाऊन टाकतं आणि शेवटी दोनच जन्मतात. तेही साधारण दर दोन वर्षांनी. न्यू साउथ वेल्सने १९८४ मध्ये तिला संरक्षण दिलं. जगात कायद्याचं संरक्षण मिळालेली ती पहिली शार्क. तरीही तिथली संख्या अजून सावरलेली नाही. बांगडा-तारलीसारखे मासे लाखांनी अंडी टाकतात, एक वर्ष वाईट गेलं तरी पुढच्या वर्षी उभे राहतात. कानमुशी एका खेपेला बारा ते चाळीसेक पिल्लं देते, आणि तीही वयात यायला अनेक वर्षं घेऊन.

पाणी तापलं तर शार्क दुसरीकडे का जात नाहीत?

काही जातात. कॅलिफोर्नियात २०१४ ते २०१६ दरम्यान समुद्री उष्णतेची मोठी लाट आली. तेव्हा ग्रेट व्हाइट शार्कची पिल्लं दक्षिण कॅलिफोर्नियातली नेहमीची नर्सरी सोडून कितीतरी उत्तरेला, मॉन्टेरे उपसागरात दिसू लागली. त्यांच्या वावराची उत्तर सीमा ३४ अंश अक्षांशावरून ३८.५ अंशांपर्यंत सरकली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ कॅरोलायनातली पॅम्लिको खाडी पूर्वी बुल शार्कची नर्सरी नव्हती. २०११ पासून तिथे पिल्लं नियमित मिळू लागली, कारण उन्हाळ्याची सुरुवात लवकर आणि अधिक उबदार होऊ लागली.

अशा बातम्या वाचून ‘मासे जुळवून घेतात’ असं म्हणावंसं वाटतं. मला ते घाईचं वाटतं. नव्या जागी भक्ष्य, लपण, खारटपणा, गढूळपणा हे सगळं जुळून यावं लागतं. शिवाय सगळ्या जाती इतक्या मोकळ्या नसतात. बहामाजमधल्या बिमिनी बेटांवर लेमन शार्कचा अनेक वर्षं पाठपुरावा झाला. जनुकीय तपासणीत असं दिसलं की तिथे जन्मलेल्या काही माद्या १४ ते १७ वर्षांनी पिल्लं द्यायला त्याच बेटांवर परत आल्या. पहिलटकरणीने माहेरी यावं तशा. ही ओढ रक्तातली आहे. दरम्यान तिथली कांदळवनं तुटलेली असोत वा पाणी तापलेलं असो, त्या येणारच.

आपल्या अरबी समुद्रात काय परिस्थिती आहे?

इथे नकाशा उघडून बघा. कॅलिफोर्नियातल्या पिल्लांना उत्तरेकडे सरकायला किनारा मोकळा होता. अरबी समुद्र उत्तरेला बंद आहे: गुजरात, पाकिस्तान, इराण, ओमान. गार पाण्याच्या शोधात उत्तरेला सरकणाऱ्या माशापुढे पंचविसाव्या अक्षांशाच्या आसपास जमीन उभी राहते.

मग खोल जायचं? तिथे दुसरी अडचण आहे. अरबी समुद्रात साधारण १५० ते १,००० मीटर खोलीवर प्राणवायू अत्यंत कमी असलेला थर आहे, जगातल्या सर्वांत जाड अशा थरांपैकी एक. पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत हे प्राणवायू हरवलेलं पाणी पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ भागात वर चढतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००० साली याकडे जगाचं लक्ष वेधलं आणि शेतातून वाहून येणाऱ्या खतांमुळे हा प्रकार वाढत असावा, असं मांडलं. वरचं पाणी तापलं की ते हलकं होऊन वरच राहतं, खालच्या पाण्यात मिसळत नाही, आणि हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही.

थोडक्यात, वर उष्णता, खाली गुदमर, उत्तरेला जमीन. कानमुशी आणि तिच्या गोत्रातल्या शार्कना श्वासासाठी पोहत राहावं लागतं. पुढे जाताना तोंडातून पाणी कल्ल्यांवरून वाहतं तेव्हाच प्राणवायू मिळतो. थांबून दम खायची सोय नाही. अशा माशाच्या पिल्लांसाठी किनाऱ्यालगतची खेळत्या, ढवळत्या पाण्याची पट्टी म्हणजेच सगळं जग. आणि जाळ्यांची सर्वांत जास्त दाटी त्याच पट्टीत.

चक्रीवादळांनी या पिल्लांचं काय होतं?

पिल्लं आपण समजतो त्याहून हुशार असतात. २००१ साली फ्लोरिडातल्या टेरा सिया खाडीत ब्लॅकटिप शार्कच्या पिल्लांना संदेश देणारी उपकरणं बसवलेली होती. गॅब्रिएल वादळ किनाऱ्याला लागण्याआधी, हवेचा दाब उतरू लागताच, सगळी पिल्लं खाडी सोडून खोल पाण्यात गेली आणि वादळ सरल्यावर परतली. त्यांना जन्मून काही महिनेच झालेले होते.

तेव्हा वादळ पिल्लाला थेट मारेलच असं नाही. पण दर वेळी आसरा सोडावा लागतो, उघड्यावर शत्रू असतात, आणि परतल्यावर खाडी पहिल्यासारखी राहिलेली नसते: गाळ साचलेला, झाडं मोडलेली, गोड्या पाण्याचा लोंढा आलेला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांच्या २०२१ सालच्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. जून २०२० मधलं निसर्ग आणि मे २०२१ मधलं तौक्ते कोकणातला कुणी विसरलेला नाही.

समुद्राची पातळी वाढली तर खाड्या वाढतील, मग नर्सरीही वाढणार नाहीत का?

पाणी वाढेल, नर्सरी वाढेलच असं नाही. पिल्लांना मुळांच्या जाळीतला आसरा आणि तिथे वाढणारी कोळंबी हवी असते. पातळी चढते तशी तिवरं, म्हणजे कांदळवनातली झाडं, हळूहळू जमिनीकडे सरकतात, पण त्यासाठी मागे मोकळी जागा लागते. मागे भराव, बांध, रस्ता किंवा इमारत असेल तर ती आहेत तिथेच बुडतात. महाराष्ट्रात २०१२ पासून वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष आहे आणि त्याचा उपयोगही झाला. पण आज उभ्या असलेल्या झाडांइतकीच त्यांच्या मागची रिकामी दलदल जपायला हवी, आणि बांधकामाचा डोळा नेमका त्याच जमिनीवर असतो.

शार्क कमी होण्याचं खरं कारण हवामानबदल की मासेमारी?

मासेमारी. यात लपवाछपवी नको. शार्क, पाकट आणि कायमेरा (शार्कचेच भाऊबंद) यांच्या १,१९९ जातींचं मूल्यमापन २०२१ साली प्रसिद्ध झालं. त्यातल्या ३९१ जाती संकटग्रस्त ठरल्या आणि त्या सगळ्यांच्या बाबतीत अतिमासेमारी हे कारण होतं. हवामानबदलाची नोंद त्यातल्या सुमारे १० टक्के जातींसाठी झाली, अधिवासाच्या नाशाची सुमारे ३१ टक्क्यांसाठी.

मग हवामानाची चर्चा कशाला, असं काही जण वैतागून विचारतात. कारण ही कारणं वेगवेगळ्या खोल्यांत बसत नाहीत. उपाशी, दमलेलं पिल्लू जाळ्यातून जिवंत सुटलं तरी गरम पाण्यात सावरत नाही. शंभर माद्या असलेली जात एखादं वाईट वर्ष सोसते, दहा माद्या उरलेली जात सोसत नाही. आपण मासेमारीचा ताण जितका कमी करू, तितकी ती जात उष्णतेपुढे टिकण्याची शक्यता वाढते. समुद्राचं तापमान मालवणात बसून उतरवता येणार नाही. पण खाडीच्या तोंडाशी कुठलं जाळं, कधी लावायचं, हे मालवणातच ठरतं.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी पुरत नाही का?

आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी असते. अंडी टाकणाऱ्या माशांना तिचा फायदा होतो. मुशीचा गर्भकाळच वर्षाच्या आसपासचा. गाभण मादी ऑक्टोबरातही पाण्यात असते आणि मार्चातही. तिच्यासाठी काळापेक्षा जागेची बंदी कामाची: पिल्लं जिथे जन्मतात ती मुखं आणि खाड्या ठरावीक महिने मोकळ्या ठेवणं.

महाराष्ट्रात खरंच एवढ्या दुर्मीळ शार्क आहेत का?

फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या ससून डॉकवर एक मोठी मादी उतरली, २६६ सेंटीमीटर लांब. तपासणीअंती ती गंगा शार्क निघाली: नद्या आणि त्यांच्या मुखांशी नातं असलेली, अतिसंकटग्रस्त, वर्षानुवर्षं नोंदच नसलेली जात. ती लिलावाच्या ढिगात पडलेली होती. कुणीतरी बारकाईने पाहिलं म्हणून कळलं. कानमुशीही आपल्या बंदरांवर येते आणि तिची जागतिक नोंद २०१९ पासून ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे.

कायद्याने काय काय संरक्षित आहे?

देवमाशाएवढी वाढणारी व्हेल शार्क २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. गंगा शार्क आणि करवत्या तोंडाचे सॉफिशही संरक्षित आहेत. शार्कच्या परांची निर्यात भारताने २०१५ साली बंद केली. संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि तो सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्रात मच्छीमाराला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना २०१८ पासून आहे. जाळं कापताना आणि प्राणी सोडताना मोबाइलवर चित्रण करून ठेवा, अर्जासाठी ते लागतं.

बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरी, म्हणजे मुशी, देतात. ते थांबवायचं का?

कोकण-गोव्यात ही रीत जुनी आहे, तिच्यामागे आपल्या माणसांची माया आहे, आणि तिची टिंगल करू नये. पण दोन गोष्टी मनापासून सांगाव्याशा वाटतात. शार्क अन्नसाखळीत वरच्या टोकाला असल्यामुळे तिच्या मांसात पारा साठतो. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना शार्क टाळायला सांगतं. दुसरं म्हणजे, या रीतीसाठी लहान मोरी मागितली जाते आणि लहान म्हणून जे मिळतं त्यात मोठ्या जातींची पिल्लंही असतात. बाळंतिणीला तारली, मांदेली, बोंबील द्या. पोषणही होईल आणि पाऱ्याचा धोका कमी राहील.

घरात मुशी सोडवतच नसेल, तर निदान डोक्याला दोन्ही बाजूंनी कान फुटल्यासारखं दिसणारं पिल्लू घेऊ नका. कोळणीला सांगूनही ठेवा. गिऱ्हाईक काय घेत नाही हे तिच्याकडून होडीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

आम्ही मच्छीमार आहोत. जाळ्यात पिल्लं येतात ती आम्ही बोलावत नाही. काय करावं?

जिवंत असेल तर लगेच सोडा, शेपटीला धरून लोंबकळत न ठेवता अंगाखाली दोन्ही हात देऊन. एकाच जागी, एकाच महिन्यात पुन्हा पुन्हा पिल्लं मिळत असतील तर ती जागा आणि महिना लिहून ठेवा. नर्सरीच्या ज्या तीन कसोट्या वर दिल्या, त्यांची उत्तरं तुमच्याच अनुभवात आहेत. संशोधकांना वर्षातून काही दिवस समुद्रावर जाता येतं, तुम्ही रोज जाता. तांडेलांनी आपापल्या संस्थेत बसून ‘अमुक मुखाशी अमुक दोन महिने बारीक आसाचं जाळं लावायचं नाही’ असं ठरवलं, तर ते वरून आलेल्या आदेशापेक्षा जास्त पाळलं जातं.

किनाऱ्यावर शार्कच्या अंड्याची पिशवी सापडली तर?

आपल्या किनाऱ्यावर बांबू शार्क आहेत, तेव्हा अशी पिशवी सापडू शकते. ती तपकिरी, चपटी, चामड्यासारखी असते. सुकलेली आणि हलकी असेल तर पिल्लू बाहेर पडलेलं आहे किंवा अंडं वाया गेलेलं आहे. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, जागा आणि तारीख टिपून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयातल्या प्राणिशास्त्र विभागाला किंवा कांदळवन कक्षाला कळवा. ओली आणि जड लागली तर उजेडासमोर धरून पाहा. आत हालचाल दिसली तर उन्हात ठेवू नका, घरी नेऊ नका. ओहोटीत उघडं पडणार नाही इतक्या पाण्यात जाऊन खडकाच्या कपारीत नीट अडकवून या.